गरम पाण्याच्या गावातला गवई

लग्नाला तीस वर्षं होत आली, तेव्हा कुठे त्यानं आपणहून म्हटलं, "चल, आपण कुठेतरी जाऊन येऊ."

ती चष्म्याच्या दुकानातून नुकतीच घरी आली होती. एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्या हातानं चपलेचा पट्टा सोडवत होती. आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असं तिला वाटलं.

"आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे आपण. तू आणि मी. वर डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत. तुझ्या कमरेला बरं वाटेल. थंडीत तर फार मजा येते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ऑफिसातला एक जण म्हणत होता."

तिनं जास्त विचारलं नाही. नवरा सरकारी खात्यात वजनकाट्यांचा निरीक्षक होता. दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपांची मापं, गिरणीवरचे काटे तपासायचे आणि शिक्का मारायचा, ही त्याची नोकरी. उन्हाळ्यात तो निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत असायचा. त्याच वर्षी त्याची आई गेली. सासूबाई आठ-नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांना कुशीवर वळवणं, आंघोळ घालणं, भरवणं सगळं तिनं केलं होतं. सकाळी त्यांचं आवरून ती दुकानात जायची, दुपारी शेजारणीला बसवायची, संध्याकाळी धावतपळत परत यायची. आता संध्याकाळी धावायचं कारण उरलं नव्हतं, तरी पाय धावायचेच.

दुकानातल्या पोरींना कळलं तेव्हा त्यांनी तिला घेरलंच. "काकू, हनिमून!" एकीनं तर तिला बळंच बाजारात नेऊन पाण्यात उतरायचा पोशाख घ्यायला लावला, गडद निळा, गुडघ्यापर्यंतचा. घरी तो घालून ती आरशासमोर उभी राहिली आणि स्वतःलाच हसली. मग तो काढून घडी घालताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून काहीतरी गुणगुणतोय.

बस घाट चढत गेली तसा गारवा वाढला. शेवटच्या वळणावर गंधकाचा वास आला आणि खाली गाव दिसलं. एकच रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी घरं, आणि गटारांतून, भिंतींच्या फटींतून, अगदी चौकातल्या पायरीखालूनही वाफ निघत होती. जणू सगळं गावच चुलीवर ठेवलंय.

"बाई गं!" ती म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडे बघून हसून मान हलवली. दोन्ही बॅगा त्यानं उचलल्या आणि कुणालाही न विचारता तो डावीकडच्या बोळात वळला.

खाणावळ आणि वर राहायच्या खोल्या, असं ते घर होतं. दारात एक जाडजूड बाई मोठ्या परातीत कोबी चिरत बसली होती. त्यांना बघताच तिनं सुरी खाली ठेवली.

"अरे! गवई आले! मला वाटलं, या वर्षी आम्हाला विसरलात की काय." मग तिची नजर मागे गेली. "आणि या? वहिनी का? अहो, या ना, या! एकदाच्या आणल्यात म्हणायच्या!"

"गवई?" ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"काहीतरी चेष्टा असते यांची," तो घाईघाईनं म्हणाला. "टूरवर असताना एकदोनदा थांबलो होतो इथे. चल, खोली बघू."

खोली लहान होती, पण उबदार. गरम पाण्याचा नळ भिंतीतून गेला होता, त्यामुळे भिंतीला पाठ लावली की शेकल्यासारखं वाटायचं. खिडकीजवळ एक वेताची खुर्ची होती. तो आत आल्या आल्या तिच्यात बसला, पाय समोरच्या स्टुलावर टाकले आणि त्याच्या तोंडून एक लांबलचक सुस्कारा निघाला. घरी इतकी वर्षं त्यानं कधी असा श्वास सोडलेला तिनं ऐकला नव्हता. पण तेव्हा तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. दमला असेल, असंच वाटलं.

जेवण दुपारी उशिरा झालं. मागच्या अंगणात जमिनीतून जिथे कढत वाफ यायची, तिथे लाकडी पेट्या पुरल्या होत्या. त्यांत कंद, अंडी आणि मडक्यात भरलेलं मटण सकाळपासून शिजत ठेवलेलं असायचं. मटणाचा तुकडा बोटानं दाबला की सुटत होता. बरोबर जाड भाकरी, रानातल्या अळंब्यांचं पातळ कालवण, आणि आंबवलेला कोबी. कोबीचा वाडगा समोर आला तशी तिनं सवयीनं तो नवऱ्यापासून लांब सरकवला. घरी कोबी शिजला तर तो खिडक्या उघडून बसायचा. वास सहन होत नाही म्हणायचा. त्यामुळे तिनं कोबी करणंच सोडलं होतं, आणि तिला स्वतःला तो आवडायचा.

मालकीणबाईंनी वाडगा परत त्याच्यापुढे ठेवला. "अहो वहिनी, लांब काय करता? तुमच्या मिस्टरांना माझ्या कोबीशिवाय घास उतरत नाही."

त्यानं ताटाकडे बघत दोन चमचे घेतले. थोड्या वेळानं आणखी दोन.

"घरी नाही चालत तो," ती म्हणाली.

"हा वेगळा असतो," तो म्हणाला.

संध्याकाळ व्हायच्या आधी ती बायकांच्या कुंडावर गेली. बांबूच्या कुडाआड दगडी कुंड, वर उघडं आभाळ. निळ्या पोशाखात ती लाजत लाजत पायऱ्या उतरली. पाणी कमरेपर्यंत आलं आणि ती जागच्या जागी थांबली. तीन वर्षं कमरेत जी गाठ बसली होती, ती जणू कुणीतरी आतून हळूच सोडवत होतं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

थोड्या वेळानं मालकीणबाईही येऊन पाण्यात बसल्या. बाई बोलक्या होत्या. कमरेला काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

"सासूबाई पलंगावरून पडल्या होत्या. त्यांना एकटीनं उचलायला गेले, तेव्हापासून आहे."

"एकट्या? मग गवई कुठे होते?"

"टूरवर. थंडीत त्यांची डोंगराकडची टूर असायची ना. नेमका तेव्हा इतका बर्फ पडला की पेपरात फोटो आले होते. रस्ते बंद, फोन बंद. यांना बिचाऱ्यांना कळवणार तरी कसं?"

मालकीणबाईंनी तोंडावर पाणी मारलं. त्या सहज बोलत होत्या, त्यांच्या मनात काही नव्हतं.

"हो, तो मोठा बर्फ! तेव्हा माझा जावई आला होता, पेटी घेऊन. काय गायलेत तुमचे मिस्टर! अख्खं गाव जमलं होतं खाली. आणि रस्ता कसला बंद? दुसऱ्या दिवशीच यंत्र येऊन मोकळा करून गेलं. बाकीचे पाहुणे पळाले सगळे. हेच म्हणाले, कशाला घाई, आता तर रंगात आलंय. आठवडा पुरा करूनच गेले. दर वर्षीसारखा."

"दर वर्षी आठवडाभर?"

"मग! आमचे जुने गिऱ्हाईक ते."

"आणि काम? काटे तपासायचं?"

मालकीणबाई हसल्या. "इथे काय तपासणार? गावात एक दुकान. त्याचा काटा खरा की खोटा ते आम्हालाच माहीत आहे." आणि मग त्यांना तिचा चेहरा दिसला असावा. वाफेतून दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"वहिनी, एक सांगते," त्या हळूच म्हणाल्या. "बाई वगैरे कधी नव्हती हो बरोबर. एकटेच यायचे. शपथ घेऊन सांगते."

त्यांनी हे धीर द्यायला सांगितलं होतं. तिला मात्र त्या ऊन पाण्यात हुडहुडी भरली.

रात्रीच्या जेवणाला खाली सात-आठ माणसं होती. शेळ्या पाळणारा एक म्हातारा, रस्त्याच्या कामावरचे मुकादम, शाळेची मास्तरीण. सगळे त्याला ओळखत होते. "गवई, होऊन जाऊ दे!" त्यानं आधी नाही नाही म्हटलं, तिच्याकडे पाहिलं. ती भाकरी मोडत राहिली. मग तो उभा राहिला आणि गायला लागला.

आवाज चांगला होता. ती मनाशी म्हणत होती की वाईट असावा, पण चांगला होता. मोकळा, थोडा घोगरा, वर गेला की थरथरणारा. आणि गाताना तो हातवारे करत होता, म्हाताऱ्याची नक्कल करत होता, मास्तरणीला टाळी देत होता. मुलाच्या लग्नात सगळ्यांनी आग्रह केला होता, तेव्हा हाच माणूस "मला नाही जमत असलं काही" म्हणून पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला होता. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं तिनं माणसांचे चेहरे मापले होते. नाकाचा उंचवटा, दोन कानांतलं अंतर, कुणाला कुठली फ्रेम बसेल हे ती दारातूनच सांगायची. आणि रोज ज्याच्यासमोर ताट ठेवलं तो चेहरा तिला आज पहिल्यांदा दिसत होता.

ती डोकं दुखतंय म्हणून वर गेली. भिंतीकडे तोंड करून झोपली. तो आला तेव्हा झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी ते वरच्या झऱ्याकडे चालत गेले. वाटेवर दंव पडलं होतं. तो पुढे होता, काठीनं गवत बाजूला करत. "इथून खालची दरी दिसते बघ," तो म्हणाला. ती थांबली.

"इथे कोण यायचं तुमच्याबरोबर?"

तो वळला नाही. "काय बोलली ती बाई?"

"मी विचारतेय त्याचं उत्तर द्या."

"कोणी नाही. खरंच कोणी नाही गं. तुला वाटतंय तसलं काही नाही."

"मला तसलं काही वाटतच नाहीये. तेच तर." तिचा आवाज अगदी साधा होता. "बाई असती तर मला कळलं असतं. रडले असते, भांडले असते, माहेरी गेले असते. म्हटलं असतं, भुलला. पण तुम्ही कुणासाठीही आला नाहीत. तुम्ही आम्हाला सोडून आलात, बस."

"आठवडाभर. वर्षात एक आठवडा." आता तो वळला. चेहरा लाल झाला होता, थंडीनं की कशानं कोण जाणे. "तुला माहीत नाही घरी आलं की काय वाटायचं. तो औषधांचा वास, आई हाका मारायची, तू काही न बोलता राबायचीस. तुझ्याकडे बघितलं की मला अपराध्यासारखं व्हायचं. इथे कुणी माझ्याकडे काही मागत नव्हतं. मला श्वास घ्यायला जागा हवी होती."

"आणि मला?"

"तू कधी म्हणालीच नाहीस."

ती हसली. हसू असं आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"आई पडल्या तेव्हाचं सांगा. तुमचा फोन लागत नव्हता, तरी मी त्यावर निरोप ठेवले होते. मिळाले होते?"

तो दरीकडे बघायला लागला. खाली कुठेतरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"अहो, मी काय विचारतेय?"

"दुसऱ्या दिवशी ऐकले," तो म्हणाला. "पण शेवटच्या निरोपात तूच म्हणाली होतीस की डॉक्टर येऊन गेले, आता बरं आहे. तू सांभाळलं होतंस सगळं. मी येऊन काय वेगळं केलं असतं?"

तिला तो शेवटचा निरोप आठवला. स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी पडून तिनं तो ठेवला होता, कारण तिला उठताच येत नव्हतं. त्याला काळजी वाटू नये म्हणून आवाज नीट केला होता. बर्फात सांभाळून राहा, घाई करू नका, असंही म्हणाली होती.

"तू ऐकलंस," ती म्हणाली, "आणि गात बसलास?"

इतक्या वर्षांत ती त्याला कधी एकेरीत बोलली नव्हती. भांडणातही नाही. दोघांनाही ते ऐकू आलं.

"आणि आता तरी मला का आणलंस? माझ्या कमरेसाठी नाही. रिटायर झालास. टूरचं निमित्त संपलं. एकट्यानं यायचं तर घरी काय सांगणार? म्हणून बायकोला घेतलं बरोबर, बॅगेसारखी."

तो नाही म्हणेल, अशी तिनं क्षणभर वाट पाहिली. अजूनही, खोटं का होईना. पण खोटं बोलण्यात हुशार असलेला तो माणूस नेमका तेव्हा खरं वागला. काठीनं माती उकरत उभा राहिला.

"दुपारची बस आहे," ती म्हणाली. "तुम्ही जा. मी राहतेय."

"एकटी? इथे काय करशील तू एकटी?"

"तुम्ही करायचात तेच."

तो गेला. बॅग भरताना दोनदा काहीतरी बोलायला आला आणि दोन्ही वेळा तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. मालकीणबाई दारात अवघडून उभ्या होत्या. बस गेल्यावर त्या वर आल्या. "वहिनी, माझ्यामुळे झालं का हो हे?"

"नाही. मला जरा कोबी वाढा," ती म्हणाली. "पोटभर."

उरलेले दिवस ती तिथे राहिली. खरं तर तिला वाटलं होतं की आपण रडू, झोप येणार नाही, एकटीला करमणार नाही. तसं काही झालं नाही. ती उठायची तेव्हा उन्हं खिडकीत आलेली असायची. तिला कुणी हाक मारत नसायचं. वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन ती बसली की भिंतीची ऊब पाठीत उतरायची. मागच्या अंगणात मास्तरीण आणि मालकीणबाईंबरोबर पेट्यांतून गरम अंडी काढून, फुंकर मारत, बोटं भाजून घेत ती खायची. एकदा मास्तरीण आपल्या मुख्याध्यापकाची अशी काही नक्कल करत होती की तिला हसू आवरेना, आणि हसताना कमरेत दुखलं नाही. कुंडात ती इतका वेळ बसायची की हाताची बोटं सुरकुतायची. संध्याकाळी रस्त्यावरून नुसती चालायची. कुठे जायचं आहे म्हणून नाही.

आणि जसजसं तिला ते गाव आवडत गेलं तसतशी तिच्या मनातली आग वाढत गेली. जागा वाईट असती, जेवण फिकं असतं, लोक तुसडे असते, तर ती म्हणाली असती, जाऊ दे, वेडा माणूस, कुठेतरी जाऊन बसायचा. पण हे सुख खरं होतं. त्याला ते ठाऊक होतं. दर थंडीत हे सगळं भोगून तो तिच्यासमोर येऊन बसायचा, म्हणायचा, फार दगदग झाली, आणि ती त्याचे पाय दाबायची. एकदाही त्याच्या जिभेवर आलं नाही की या वर्षी मी आईजवळ थांबतो, तू जाऊन ये. एक वर्ष. फक्त एक.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला. तो दूर परदेशात असायचा. "आई, बाबा म्हणतात तू चिडलीयस. एवढं काय झालं? थोडं फिरायलाच तर जायचे ते."

"तुला माहीत होतं?"

"एकदा फोटो दिसला होता त्यांच्या मोबाइलमध्ये. म्हणाले, आईला सांगू नकोस, उगाच तिला वाईट वाटेल. मलाही वाटलं, कशाला."

"बरोबर आहे," ती म्हणाली. "कशाला." आणि त्याच्या बायकोची तब्येत विचारून तिनं फोन ठेवला.

ती घरी परतली. कुणालाही वाटेल तसं काही घडलं नाही. ना ती वेगळी राहायला गेली, ना तो. तो आईच्या खोलीत झोपायला लागला. ती दुकानात जात राहिली. सकाळी चहा ती ठेवायची, संध्याकाळचा तो. भाजी काय आणू, वीज गेली का, मुलाचा फोन आला होता, एवढंच बोलणं. एकेरीत ती पुन्हा बोलली नाही. "तुम्ही" म्हणायची, पण आता ते बँकेतल्या कारकुनाला म्हणतात तसं "तुम्ही" होतं, आणि ते त्यालाही कळत होतं. एकदा तिला सर्दी झाली तेव्हा त्यानं दाराशी काढ्याचा पेला आणून ठेवला. तिनं तो घेतला, पेला धुऊन जागेवर ठेवला. आभार मानले.

पुढच्या वर्षी थंडी पडली तसा तो अस्वस्थ झाला. शेवटी एकदा जेवताना म्हणाला, "मी दोन-चार दिवस जाऊन येऊ का?"

"जा की. मला काय विचारता?"

"तू येतेस?"

"नाही."

तो गेला, आणि दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी परत आला. ती स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. त्यानं बॅग भिंतीशी टेकवली आणि कोट न काढताच खुर्चीवर बसला.

"एवढ्यात?"

"सगळे तुझंच विचारतात तिथे," तो चिडून म्हणाला. "वहिनी कशा आहेत, वहिनींना का नाही आणलं. मास्तरीण तर नीट बोललीसुद्धा नाही. गायला उभा राहिलो तर ती मालकीण माझ्याकडे अशी बघत होती... घशातून आवाजच फुटेना." "मजा गेली सगळी."

असं काही ऐकायला मिळालं तर आपल्याला बरं वाटेल, असं तिला वर्षभर वाटत आलं होतं. तिनं मनात चाचपून पाहिलं. बरं वाटलं नव्हतं. तिला ती खिडकी आठवली, उन्हात ठेवलेली ती वेताची खुर्ची. आता त्या खुर्चीत ना तो बसणार होता, ना ती. एवढं चांगलं ठिकाण, आणि दोघांच्याही कामाचं राहिलं नव्हतं.

"खायला काही आहे का?" त्यानं विचारलं.

"भात आहे दुपारचा," ती म्हणाली. "गरम करून घ्या." आणि तिनं पुढची शेंग हातात घेतली.